निळ्या कागदाचं उलटं घड्याळ

"हे कुणालाही पटणार नाही," असं म्हणूनच व्हर्लिन स्कॉगस्टॅड आपली प्रत्येक गोष्ट सुरू करायचा, आणि विस्कॉन्सिनमधल्या हॅल्व्हर्सन फॉल्स गावाने या बाबतीत त्याला कधी तोंडघशी पाडलं नाही. कुणालाही ती पटायची नाही. त्याच्या गळाला लागलेला मासा दर हिवाळ्यात हातभर वाढायचा. त्याच्या आजोबांनी एका अस्वलाला नॉर्वेजियन भाषेत दम देऊन परत पाठवलं होतं, आणि अस्वलाला ती भाषा समजली होती. व्हर्लिन जन्मभर पिकांच्या विम्याचा एजंट होता. गारपिटीच्या नावाखाली शेतकऱ्यांनी मारलेल्या थापा त्याने इतकी वर्षं गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतल्या होत्या, की निवृत्तीनंतर त्या थापा समाजाला परत करणं हे तो आपलं कर्तव्य समजत असे.

पण घड्याळाची गोष्ट मात्र त्याने स्वतः कुणाला सांगितली नाही. ती गाव सांगतं. आणि गाव शपथेवर सांगतं, की त्यातली बकरीसुद्धा खरी आहे.

सुरुवात झाली को-ऑपच्या दुकानात, खताच्या पोत्यांशेजारच्या कॉफीच्या टेबलावर. विषय जत्रेचा होता. काउंटीची जत्रा तोंडावर आली होती, आणि व्हर्लिनच्या बायकोला, लव्हॉनला, कागदकामात दरवर्षी निळी फीत मिळते, तशी यंदाही मिळणार असं कुणीतरी म्हणालं. निळी म्हणजे पहिल्या नंबरची. नवऱ्याने यावर मान डोलवून कॉफी प्यायची असते. व्हर्लिन म्हणाला, "अरे, फीत तिला कशाला? सगळं तर ते मशीन कापतं. कळ दाबायची आणि बसून राहायचं. असं असेल तर आमच्या टोस्टरलाही एक फीत द्या."

टेबल हसलं. व्हर्लिन खूश होऊन घरी निघाला. हॅल्व्हर्सन फॉल्समध्ये माणूस गाडीने घरी पोचायच्या आत त्याचं वाक्य पायी पोचलेलं असतं.

लव्हॉन भांडली नाही. ती फक्त "बरं" म्हणाली. पन्नास वर्षांच्या संसारात व्हर्लिनने लव्हॉनचे सगळे शब्द पचवले होते, एवढा एक सोडून. या "बरं"नंतर घरात एक प्रकारची शिस्त येते. जेवण वेळेवर, गरम आणि न बोलता मिळतं.

त्यातच ओ क्लेअरला राहणाऱ्या तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि लव्हॉन आठवडाभरासाठी निघाली. परतायची ती थेट जत्रेच्या शनिवारी, चर्चच्या स्टॉलवर लेफ्सा लाटायला. बटाट्याची ती पातळ पोळी तिच्याइतकी पातळ कुणाला जमत नाही. फ्रीजरमध्ये तिने डबे भरून ठेवले, प्रत्येकावर तारीख घातली, आणि गाडीत बसता बसता म्हणाली, "मशीनला हात लावू नकोस, असं मी सांगत नाही. तू लावणारच नाहीस."

यातल्या दुसऱ्या वाक्याने सगळा घात केला.

लव्हॉनची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा व्हर्लिन तिच्या शिवणाच्या खोलीत पोचलाही होता. ते मशीन म्हणजे पावाच्या डब्याएवढी एक पांढरीशुभ्र पेटी. कॉम्प्युटरवर चित्र निवडायचं, चिकट मॅटवर कागद बसवायचा, मॅट पेटीच्या तोंडात द्यायची. आतलं बारीक पातं ते चित्र कागदात कापून देतं. व्हर्लिनने निवडलं भिंतीवरचं घड्याळ. सात थरांचं. सर्वांत खाली संध्याकाळचं काळंनिळं आकाश, त्यावर पाइनची झाडं, त्यावर तळ्याचं पाणी, पाण्यात लून पक्ष्यांची जोडी, आणि सर्वांत वरच्या थरात काठाचं गवत, ज्याच्या पात्यांतच बारा इंग्रजी आकडे गुंफलेले. सुरुवात कार्डावरच्या एखाद्या फुलाने करावी, हा सल्ला द्यायला तिथे कुणी नव्हतं. असतं तरी विम्याच्या एजंटला फूल शोभत नाही.

आता कागद. लव्हॉनकडे कागदाचे इतके खण होते, की त्यांतून निवड करायला समिती नेमावी लागली असती. इथे व्हर्लिनने, त्याच्या मते, अत्यंत समंजसपणा दाखवला. नवीन कागदांना त्याने हात लावला नाही. फ्रीजरच्या बाबतीत लव्हॉनचा कडक नियम होता, की सगळ्यात जुना डबा आधी संपवायचा. तोच नियम लावून त्याने सगळ्यात खालच्या खणातलं, सगळ्यात तळाचं, सगळ्यात पिवळं पडलेलं पाकीट काढलं. आत निळ्या रंगाच्या सात छटा निघाल्या, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच्या. प्रत्येकीचे दोन ताव. एका बाजूला रंग आणि मंद चकाकी, दुसरी बाजू कोरी पांढरी. बायकोचं जुनं सामान मार्गी लावल्याचं समाधान त्याला वर मिळालं.

मग त्याने शेजारच्या डोलोरेस विटकॉफला फोन लावला. डोलोरेसकडेही तसंच मशीन होतं, पण तिने त्यावर आजवर फक्त एकच गोष्ट केली होती: टी-शर्टांवर इस्त्रीने चिकटवायची अक्षरं. लग्न, बारसं, कुटुंबमेळावा, सगळ्यांना टी-शर्ट. स्वतःच्या सासऱ्याच्या अंत्यविधीलाही तिने टी-शर्ट केले होते, आणि ते चांगले झाले होते.

"एकच लक्षात ठेव," डोलोरेस म्हणाली. "कापायच्या आधी उलटं करायचं. स्क्रीनवर एक कळ आहे, आरशासारखं उलटं करणारी. ती दाबायचीच."

"का?"

"का म्हणजे? सगळे दाबतात. मी एकदा विसरले, तर माझ्या जाऊबाईंच्या छातीवर वर्षभर 'आजी' उलटं लिहिलेलं होतं. लव्हॉनला विचार हवं तर."

लव्हॉनला विचारण्यासारखी परिस्थिती नव्हती. व्हर्लिनने कळ दाबली.

इस्त्रीची अक्षरं कापडावर पालथी घालायची असतात, म्हणून ती उलटी कापतात. कागदाला पालथं घालायचं नसतं. ही गोष्ट डोलोरेसला माहीत नव्हती असं नाही. तिला फक्त कुणी ती विचारली नव्हती.

पहिला संच वाया गेला. कापलेला कागद मॅटवरून सोलताना तो बेकनसारखा गुंडाळत जातो. कागद नाही, मॅट वाकवून सोडवायची असते, हे व्हर्लिनला कळेपर्यंत सातही छटांची लूनसकट भेंडोळी झाली होती. दुसरा संच त्याने श्वास रोखून कापला. तो जमला. थरांच्या मध्ये फोमच्या जाड चिकटपट्ट्या लावत त्याने झाडांवर पाणी चढवलं, पाण्यात पक्षी सोडले, आणि शेवटी गवताचा थर ठेवून, दोन पावलं मागे जाऊन, कलाकार बघतात तसं बघितलं.

बाराच्या जागी एकवीस होते. एकाचा आकडा डावीकडे गेला होता. दोन, तीन, पाच, सात सगळे पाठ फिरवून उभे होते. आठ आणि अकरा तेवढे सभ्य माणसांसारखे सरळ.

व्हर्लिनने चष्मा पुसला. मग त्याला भलतीच शंका आली, कारण चर्चमध्ये नर्सबाईंनी पक्षाघाताच्या झटक्याची लक्षणं सांगितली होती आणि दिसण्यात गडबड हे त्यांपैकी एक होतं. घड्याळ तसंच एका हातात धरून तो न्हाणीघराच्या आरशापुढे गेला. सांगितल्याप्रमाणे हसून बघितलं. तोंड वाकडं नव्हतं. दोन्ही हात वर करून बघितले. हात घड्याळासकट वर गेले. आणि तेव्हा त्याला आरशात दिसलं, की घड्याळ एकदम बरोबर आहे. बारा वर, एक उजवीकडे, तीन आपल्या जागी. प्रकृती उत्तम होती. बिघडलं होतं ते फक्त घड्याळ.

सकाळी डोलोरेस कामगिरी बघायला आली, तेव्हा तो स्वयंपाकघरात बसून होता. तिने उलटे आकडे बघितले आणि तिचा हात तोंडावर गेला.

"तू उलटं केलंस?"

"तू सांगितलंस म्हणून."

"मी टी-शर्टचं सांगितलं."

"मी टी-शर्टचं विचारलंच नव्हतं, डोलोरेस."

"मग नुसता वरचा थर परत काप. कागद कुठाय?"

"संपला," म्हणत व्हर्लिनने रिकामं पिवळं पाकीट पुढे केलं, आणि डोलोरेस न विचारता खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्याचा रंग त्या सातांतल्या सहाव्या छटेच्या जवळपास गेला होता.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "हा ॲल्विनचा कागद आहे."

ॲल्विन म्हणजे लव्हॉनचे वडील. नदीकाठच्या कागद गिरणीत ते आयुष्यभर मशीनवर उभे राहिले. गिरणी बंद पडली त्या दिवशी त्यांनी शेवटच्या मालातलं हे पाकीट घरी आणून लेकीच्या हातात दिलं होतं. लव्हॉनने ते "काहीतरी चांगलं करायला" ठेवलं. दर नाताळात ती ते उघडायची, एका तावाचा वास घ्यायची, कशासाठी कापावं याचा विचार करायची, आणि परत ठेवून द्यायची. तितकं चांगलं काही तिला कधी सुचलंच नाही. हे सगळं व्हर्लिनच्या डोळ्यांदेखत होत आलं होतं. नवरे ज्या पद्धतीने बघतात, त्या पद्धतीने त्याने ते बघितलंही होतं.

"मला वाटलं, जुना आहे," तो म्हणाला.

"आहेच जुना."

"जुना डबा आधी संपवायचा असतो."

"हे तिला सांगू नकोस," डोलोरेस म्हणाली. "काहीही सांग, पण फ्रीजरचं सांगू नकोस."

घड्याळ तळघरात लपवावं, हा विचार दोघांनीही बोलून न दाखवताच सोडून दिला. त्या घरात लपवलेली वस्तू लव्हॉनला न सापडल्याची नोंद नव्हती. शेवटी डोलोरेसच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. घड्याळ जत्रेत द्यायचं. प्रदर्शनात ठेवलेली वस्तू जत्रा संपेपर्यंत कुणाला परत मिळत नाही, हा नियमच आहे. लव्हॉन आली तरी तोवर वस्तू घरात नाही. आणि समजा एखादी फीत मिळालीच, तर लव्हॉन विरघळेल. ती देवानंतर परीक्षकांनाच मानते.

"उलट्या घड्याळाला फीत?" व्हर्लिनने विचारलं.

"तू म्हणायचं, मुद्दाम उलटं केलंय. तोंड बंद ठेवायची वेळ आली, की तुझं बंद राहत नाही. आता उघडायची वेळ आलीय."

पण मुद्दाम उलटं म्हटलं की काटेही उलटे फिरायला हवेत. शिवाय दुसरी अडचण होती. सात थर आणि मधल्या फोमपट्ट्या मिळून घड्याळ भरलेल्या सँडविचइतकं जाड झालं होतं, आणि दुकानातून आणलेल्या, काटे फिरवणाऱ्या यंत्राचा दांडा आतल्या आतच, पाइनच्या झाडांपर्यंत येऊन थांबत होता. काटे लावणार कशाला?

या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध होतं, आणि ते ड्वेन क्रुपकीच्या बारमध्ये भिंतीवर टांगलेलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये निम्म्या बारमध्ये असं एक गमतीचं उलटं घड्याळ असतं. ड्वेनचं एका जाड ओंडक्याच्या चकतीवर बसवलेलं, म्हणून त्याचा दांडाही बोटभर लांब. गिऱ्हाइकं घरी जाताना आल्यापेक्षा तरुण होऊन जातात, असं ड्वेन सांगायचा.

"यंत्र देतो," ड्वेन म्हणाला. "पण त्या बदल्यात एक. पानगळ होईपर्यंत माझ्या बारमध्ये गोष्ट सांगायची नाही."

"एकसुद्धा नाही?"

"शुक्रवारी मासे खायला येतोस ना, मासे खायचे. माशांबद्दल बोलायचं नाही."

व्हर्लिनने आयुष्यात इतकं महाग काही घेतलं नव्हतं. त्याने घेतलं. मागे लाकडाची पातळ चकती लावून त्याने यंत्र बसवलं. काटे डावीकडे निघाले, आणि घड्याळ, आरशात बघणाऱ्याला, बिनचूक वेळ दाखवू लागलं.

जत्रेच्या मैदानावर वस्तू जमा करायच्या दिवशी कागद विभागाच्या टेबलामागे आर्लिस ब्रून बसली होती. आर्लिसने घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, आणि परत दिलं.

"हे टिकटिक करतंय."

"घड्याळ आहे, आर्लिस."

"मग इथे चालणार नाही. नियम आहे. ज्या वस्तूत हलणारा भाग असेल, ती कागद विभागात घेता येत नाही. यंत्रं आणि लाकूडकाम पलीकडच्या शेडमध्ये."

हा नियम व्हर्लिनला तोंडपाठ होता, कारण तो त्यानेच केला होता. जत्रेच्या समितीवर असताना एका वर्षी कुणीतरी पुठ्ठ्याचं कारंजं आणून शेजारी मांडलेल्या सगळ्या रजया भिजवल्या होत्या, तेव्हा टेबलावर मूठ आपटून त्याने तो मंजूर करून घेतला होता. त्या भाषणाची आठवण करून द्यायला आर्लिस विसरली नाही.

पलीकडच्या शेडचा प्रमुख होता ड्वेन क्रुपकी.

"यात लाकूड कुठाय?" ड्वेनने विचारलं.

"मागे चकती आहे."

"ती झाकलेली आहे. मला दिसायला हवी. आणि खरं सांगायचं तर यातलं यंत्र माझं आहे, व्हर्लिन. मी तुझी वस्तू घेतली, तर लोक म्हणतील वशिला लावला."

"तू माझ्याकडून अख्खा उन्हाळा लिहून घेतलास, त्याला लोक काय म्हणतील?"

"आभार मानतील," ड्वेन म्हणाला.

व्हर्लिन परत आर्लिसकडे. त्याने सेल काढून दाखवला. "घे. आता काही हलत नाही."

"सेल काढला तर ते घड्याळ नाही," आर्लिस म्हणाली. "ते चित्र झालं. तू घड्याळ म्हणून आणलंयस."

"मग चित्र म्हण."

"चित्रावर आकडे चालत नाहीत."

हा नियम कुणी केला होता, हे व्हर्लिनने विचारलं नाही. मैदानाच्या मध्यावर, दोन्ही शेडपासून सारख्याच अंतरावर, त्याने सेल परत बसवून घड्याळ एका कुंपणाच्या खांबाला टेकवून ठेवलं आणि घाम पुसायला टोपी काढली. कुंपणाच्या आत काय आहे, हे त्याने बघायला हवं होतं. टोपी परत घालेपर्यंत तिथल्या पांढऱ्या बकरीने घड्याळाची उजवी कड, गवताचा मोठा तुकडा आणि नऊच्या आकड्याची शेपटी एवढा ऐवज खाल्ला होता. आणखी मिळेल का, अशा नजरेने ती त्याच्याकडे बघत होती.

गाडीपाशी थांबलेली डोलोरेस धावत आली. दोघांनी घड्याळ उचलून धरलं. उजवी बाजू कुरतडलेली, डावी गुळगुळीत. ज्याला डोळे आहेत त्याला बकरी दिसली असती.

"दोन्ही बाजू सारख्या केल्या तर?" डोलोरेस म्हणाली. "तर ती नक्षी होईल."

कात्रीने ते जमेना. कात्रीची कड सरळ येते, बकरीची येत नाही. मग व्हर्लिनने डावी बाजू कुंपणातून आत धरली. एवढा वेळ न विचारता खाणारी ती बकरी आता वास घेऊन दूर गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली. डोलोरेस तिला समजावत होती, व्हर्लिन तिला शिव्या देत होता, आणि दोन्हींचा काही उपयोग होत नव्हता. शेवटी इकडेतिकडे कुणी बघत नाही याची खात्री करून व्हर्लिनने डावी कड स्वतःच्या दातांनी चावून काढली. गावात याबद्दल दुमत आहे. डोलोरेस शपथेवर सांगते, की त्याने कागद थुंकला नाही. ॲल्विनचा कागद थुंकायची त्याची हिंमत झाली नाही.

या दृश्याने आर्लिसही बहुधा नरमली, कारण ती दारातून सगळं बघत होती. तिने घड्याळ मुकाट्याने घेतलं आणि "कागद, इतर" असा, कुणी कधी न ऐकलेला विभाग काढून त्यात ठेवलं. व्हर्लिन एकटाच त्यात होता.

शनिवारी सकाळी परीक्षण होतं. आमच्याकडे परीक्षण सगळ्यांसमोर होतं: परीक्षकबाई टेबलामागे, वस्तू आणणारा समोर, आणि भोवती घडीच्या खुर्च्यांवर निम्मं गाव, हातात चीजचे तळलेले तुकडे घेऊन. बाई दुसऱ्या काउंटीतून आल्या होत्या, त्यांचं नाव आयोन पेल्की. त्या व्हर्लिनला ओळखत नव्हत्या, ही त्याची एकमेव जमेची बाजू. लव्हॉन चर्चच्या स्टॉलवर पोचल्याची बातमी आली होती. तिच्या हाताखाली पिठाचे गोळे होते, समोर रांग होती. ती इतक्यात येणार नाही, असा डोलोरेसचा हिशोब होता.

पेल्कीबाईंनी घड्याळ उचललं, काटे डावीकडे जाताना बघितले, आणि चष्म्यावरून विचारलं, "हे असं का?"

व्हर्लिनने घसा साफ केला. "हे तुम्हाला पटणार नाही," तो म्हणाला, आणि घडीच्या खुर्च्या एकसाथ करकरल्या, कारण गाव मागे रेलून बसलं. "माझे आजोबा तिकडे नॉर्वेत, टेलेमार्कमध्ये न्हावी होते. दाढी करून घेणारा माणूस आरशाकडे तोंड करून बसतो, घड्याळ त्याच्या पाठीमागे असतं. म्हणून त्यांनी घड्याळच उलटं करून घेतलं. गिऱ्हाइकाला आरशात बरोबर वेळ दिसायची. हे त्यांच्या आठवणीसाठी."

"आणि या कडा?" पेल्कीबाईंनी बोट फिरवलं. "इतकी नैसर्गिक फाटलेली कड मी बघितली नाही. हाताने केल्यात?"

"हाताने नाही," व्हर्लिन म्हणाला. त्या दिवशीचं हे त्याचं पहिलं खरं वाक्य. आर्लिसला ठसका लागला.

पेल्कीबाईंनी लाल, म्हणजे दुसऱ्या नंबरची, फीत हातात घेतलीसुद्धा होती; निळी त्यांना डिंकाचे डाग बघून द्यावीशी वाटली नसावी. ती टाचता टाचता त्या कागदावर बोट फिरवत थबकल्या. "हा कागद कुठला? असा आता कुणी काढत नाही. ही चकाकी, ही जाडी. कुठे मिळाला तुम्हाला?"

व्हर्लिनने तोंड उघडलं. गोष्ट तयार होती. एक जहाज होतं, एक नॉर्वेजियन चुलत बहीण होती. तेवढ्यात त्याचं लक्ष मागच्या दाराकडे गेलं. लव्हॉन उभी होती. ॲप्रनवर पीठ, कपाळावर पीठ, हातात लेफ्साचं लांबट लाटणं. व्हर्लिनने प्रदर्शनात काहीतरी मांडलंय, हे स्टॉलवर कुणीतरी तिला सांगितलं असणार. ती त्याच्याकडे बघत नव्हती. घड्याळाकडे बघत होती.

जहाज बुडालं. बहीणही गेली त्याबरोबर.

"माझ्या बायकोचा आहे," व्हर्लिन म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की मागच्या रांगेने चघळणं थांबवलं. "तिच्या वडिलांनी गिरणीतून आणलेला, शेवटच्या दिवशी. ती जपून ठेवत होती. मी न विचारता घेतला. एक संच सोलताना वाया घालवला, एक उलटा कापला. आजोबा न्हावी नव्हते. कड बकरीने खाल्ली. अर्धी."

गाव हसलं. बकरीवर तर टाळ्या पडल्या. पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केलेल्या श्रोत्यांना यातलं एक अक्षर पटलं नाही. को-ऑपचा मॅनेजर शेजाऱ्याला म्हणाला, की अस्वलापेक्षा ही चांगली आहे. पण पेल्कीबाई हसल्या नाहीत. त्या परगावच्या होत्या, त्यांनी ते खरं मानलं. त्यांचा हात फितीवरून बाजूला झाला.

"न विचारता?" त्या म्हणाल्या. "आपल्या पत्नीच्या वडिलांचा कागद?"

हसू विरलं. व्हर्लिनने टोपी काढली आणि तिची कड फिरवत राहिला. लव्हॉन दोन्ही रांगांमधून चालत पुढे आली. तिने लाटणं टेबलावर ठेवलं, पिठाचे हात ॲप्रनला पुसले, घड्याळ नाकापाशी नेलं आणि डोळे मिटून वास घेतला. मग तिने ते हात लांब करून धरलं. तळं, पाइन, पाण्यातली जोडी. काटा डावीकडे एक घर सरकला. तिच्या ओठांच्या एका कोपऱ्याला काहीतरी झालं. पन्नास वर्षांत ते कधी होतं आणि कधी नाही, एवढं एक व्हर्लिनने नीट बघून ठेवलेलं होतं, आणि त्याच्या छातीवरून कुणीतरी ट्रॅक्टर काढावा तसा त्याला श्वास आला.

"विचारलं होतं त्याने," लव्हॉन पेल्कीबाईंना म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "ओ क्लेअरला फोन केला होता. मीच म्हटलं, तो खालच्या खणातला काढ. किती दिवस नुसता वास घेत बसायचं. काप म्हटलं."

पेल्कीबाईंनी फीत टाचली.

पहिल्या रांगेतून डोलोरेस विटकॉफ उठून उभी राहिली. आठवडाभर हे सगळं पोटात ठेवून तिचा जीव अर्धा झाला होता, आणि आता तिला ते आणखी एक क्षणही जमणार नव्हतं.

"लव्हॉन स्कॉगस्टॅड," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या बहिणीकडचा फोन तू तिथे पोचलीस त्या दिवसापासून बंद आहे. तूच मला पोस्टकार्ड टाकलंस तसं."